सत्तर किलोचा पाहुणा

मी एका कबड्डीपटूला खाऊ घालून जवळजवळ स्पर्धेतून बाद केलं. तो आमच्याच संघाचा होता.

त्याचं असं झालं. रहाटणीत आमच्या गल्लीचं कबड्डी मंडळ आहे आणि आमचे हे, म्हणजे संदीपराव, त्याचे अध्यक्ष. (चाकणच्या कंपनीत सुपरवायझर आहेत, पण ते आपलं पोटापाण्यापुरतं. खरी ड्यूटी मंडळात!) दरवर्षी आजूबाजूच्या मंडळांची लीग होते. बाहेरगावचे खेळाडू बोलावतात आणि प्रत्येक मंडळ पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतं. नियम असा, की गेल्या वर्षी जे मंडळ शेवटचं आलं, त्याला पहिल्या निवडीचा मान. त्यामुळे पहिली निवड अर्थातच आमची होती.

निवडीच्या दिवशी हे घरी आले ते चपलांसकट थेट स्वयंपाकघरात.

"घेतला! बालाजीला घेतला! परभणीचा आहे. चढाईला गेला की दोघा-तिघांना बाद करूनच परत येतो!"

"बरं. राहणार कुठे?"

"आपल्याकडे."

"आणि जेवणार?"

"आता राहणार आपल्याकडे तर जेवायला काय काळेवाडीला पाठवू?" मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "फक्त एक लक्षात ठेव. आपला गट सत्तर किलोचा आहे. रविवारी काळेवाडीशी सामना, त्याआधी वजन करतात. काटा सत्तरच्या वर गेला की खेळाडू बाहेर."

"आत्ता किती आहे?"

"एकोणसत्तर."

"मग काय! अजून एक किलो वाव आहे की!" मी म्हटलं.

हे वाक्य पुढे मंडळाच्या प्रत्येक बैठकीत मला ऐकवण्यात आलं.

बालाजी आला त्या दिवशी चिंचवड स्टेशनपासून रहाटणीपर्यंत मोटारसायकलींची रांग, हलगी, गुलाल, सगळं काही. चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर यांचा फोटो दरवाजाएवढा आणि बालाजीचा खाली कोपऱ्यात, पासपोर्टला लावतात तेवढा. पण खरा मान होता सफरचंदांच्या हाराचा! क्रेनने उचलून घालायचा म्हणजे केवढा असेल, बघा. मी औक्षणाचं ताट घेऊन बालाजीसमोर उभी. कुंकू लावते न लावते तोच क्रेनवाल्याने हार सोडला, आणि तो आला थेट आम्हा दोघांच्या गळ्यात! एकाच हारात मी आणि परभणीचा तो देखणा गडी, मध्ये ताट, वरून फुलं. पोरांनी शिट्ट्यांनी चौक डोक्यावर घेतला.

"अगं बाई!" गर्दीतून सासूबाई ओरडल्या. "माझ्या ल्योकाला बी घ्या की त्यात! जागा हाय अजून!"

मी हाराखालून वाकून कशीबशी बाहेर पडले. नंतर ती सगळी सफरचंदं गल्लीने वाटून खाल्ली, आणि प्रत्येकाने आपल्या वाट्यातली एक फोड बालाजीच्या तोंडात घातली. खरं तर तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

मुलगा म्हणजे सोनं हो! उंच, कुरळे दाट केस, पिळदार मिशी आणि बोलणं एकदम हळू. पहिल्या रात्री जेवताना मला म्हणाला, "वैनी, रविवारी निवड समितीची माणसं यायलेत. त्यांच्यापुढं खेळलो तर माझं जिल्ह्याच्या संघात जमतंय बघा. बाबा पण यायलेत गावाकडून. त्यांनी मला कधी मोठ्या मैदानावर बघितलंच नाही."

माझं काळीज एकदम लोण्यासारखं झालं. मी ते लोणी त्याच्या थालीपीठावर घातलं.

सासूबाई तर मला मागे टाकायच्या. "खेळतोय त्यो. अंगात बळ नको व्हय?" म्हणून सकाळी दुधात खारीक, दुपारी मटण, संध्याकाळी शेंगदाण्याचे लाडू. आणि बालाजीला 'नको' म्हणताच येत नसे. त्याच्या आईने निघताना बजावलं होतं म्हणे, लोकाच्या घरी ताटाला नाही म्हणायचं नाही. तो नुसता मान खाली घालून खायचा. आम्हाला वाटायचं, लाजतोय. म्हणून आम्ही अजून वाढायचो.

आणि घरचं कमी म्हणून की काय, गल्ली! सरावाहून परत येताना प्रत्येक दारात कुणीतरी उभं. कुणाची साबुदाणा खिचडी, कुणाची घावनं, कुणाच्या घरी मुलीचा वाढदिवस. आमच्या मंडळाचे खजिनदार रफीकभाई, तळवड्यात त्यांचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. त्यांच्या घरून दालचा-खान्याचा डबा आला तो पाच जणांना पुरेल एवढा. "भाभी, हमारे टायगर के लिए है, तुम्ही हात लावायचा नाही!" त्यांनी मला दम दिला.

शुक्रवारी संध्याकाळी सरावात भांडं फुटलं. बालाजी चढाईला गेला. "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..." आणि मध्येच एक ढेकर! असा दणदणीत, की समोरचे दोघे दचकून मागे सरकले. पण नियम म्हणजे नियम. दम तुटला की बाद. परभणीचा वाघ ढेकर देऊन बाद झाला!

यांचा चेहरा उतरला. त्यांनी बालाजीला धरून तसाच कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभा केला.

बहात्तर.

त्या रात्री आमच्या घरी मंडळाची तातडीची बैठक बसली. विषय एकच, मी. "वहिनींना सांगितलं नव्हतं का?" "अजून एक किलो वाव आहे म्हणाल्या म्हणे!" "अहो, खेळाडू आणलाय का बोकड?" सगळे माझ्यावर तोंड सोडत होते आणि मी केलेली कांदाभजी खात होते. एकाने तर मला बेजबाबदार म्हणताना चटणी मागितली!

तेवढ्यात बालाजी उठून उभा राहिला. "वैनीला काही म्हणू नका. मलाच नको म्हणायला जमंना." आणि खाली बघत म्हणाला, "बाबांनी एसटीचं तिकीट काढलंय. त्यांना काय सांगू?"

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. दुसऱ्या हातात भज्यांची ताटली होती, ती यांनी काढून घेतली.

शनिवारी सकाळपासून मोहीम सुरू झाली. बालाजीने अंगात दोन स्वेटर घालून पळायचं, आणि मी स्कूटरवरून मागे. कशाला? तर वाटेत त्याला कुणी काही खायला घालू नये म्हणून! आता माझ्यावरच ही पाळी यावी! पण मी नेटाने केलं. कोपऱ्यावरच्या काकू शिऱ्याची वाटी घेऊन आल्या, तर मी हॉर्न वाजवत मध्ये घुसले.

"काकू, लांब व्हा! एक चमचासुद्धा नाही!"

"अगं, प्रसादाचा आहे."

"देवाला सांगा रविवारनंतर!"

घरी येऊन बघते तर सासूबाई पदराखाली लाडू लपवून दबा धरून बसलेल्या. "ह्यो एवढुसाच हाय," म्हणाल्या. त्यांना मी सरळ मोशीला नणंदेकडे पाठवून दिलं. (त्या जाताना लाडूचा डबा बरोबर घेऊन गेल्या. माझ्यावर विश्वास नाही म्हणाल्या!)

पळून पळून एक किलो उतरला. उरलेला रफीकभाईंनी अंगावर घेतला. त्यांच्या गॅरेजात गाडीचा रंग वाळवायची एक बंद खोली आहे, आत चांगली भट्टीसारखी ऊब असते. "भाभी, हिच्यात नवा बंपर सुकतो, टायगर नाही का सुकणार?" दार अर्धं उघडं ठेवून, ब्लँकेट गुंडाळून बालाजीला आत बसवलं. बाहेर मी पहाऱ्याला. थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची, "बालाजी, बरा आहेस ना?" आतून आवाज यायचा, "हाव वैनी." घामाने तो निथळत होता आणि काळजीने मी. बाहेर एक गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं, त्याने खोलीत डोकावून पाहिलं आणि गाडी न घेताच निघून गेलं.

रविवारी सकाळी मैदानावर दोन काटे होते. एक आपापलं वजन बघण्यासाठी, दुसरा पंचांपुढचा, खरा. सगळं मंडळ श्वास रोखून उभं. बालाजी आधी पहिल्या काट्यावर चढला. काटा हलला, थरथरला आणि थांबला.

सत्तर! अगदी काटेकोर सत्तर!

काय तो जल्लोष! हलगी कडाडली. यांनी रफीकभाईंना उचललं, रफीकभाईंनी यांना उचलायचा प्रयत्न केला. माझ्या डोळ्यांत पाणी. बिचाऱ्या पोराने कालपासून घोटभर पाणीसुद्धा नीट घेतलं नव्हतं, ओठ पांढरे पडलेले. आणि मला आनंद झाला की माझा हात आपोआप पिशवीत जातो, त्याला मी तरी काय करू? पेढा काढला आणि त्याच्या तोंडात कोंबला. पेढा घशाला चिकटेल म्हणून वर तांब्याच्या तळाशी उरलेलं पाणी पाजलं. आणि तो, आईचं ऐकणारा गुणी मुलगा, गटागटा प्यायला!

"चला, रहाटणीचा खेळाडू!" पंचांनी पुकारा केला.

खऱ्या काट्यावर बालाजी सत्तरच्या वर गेला होता. थोडाच. पण वर.

हलगी थांबली. सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात रिकामा तांब्या!

"अहो, काय केलंत हे!" हे एवढंच म्हणाले. एरवी मला अगं-तुगं करणारे हे, त्या दिवशी अहो म्हणाले. त्यावरून प्रकरण किती वर गेलं ते मला कळलं.

पंच भला माणूस होता. म्हणाला, "सामन्याच्या शिट्टीआधी एकदा परत काटा देतो. बघा काय उतरवता येतंय ते."

पण उतरवणार काय? बालाजीच्या अंगावर चड्डीशिवाय काही नव्हतं. कमरेचा काळा दोरा काढून झाला, नखं कापून झाली. तेवढ्यात रफीकभाईंची नजर त्याच्या त्या दाट कुरळ्या केसांवर गेली. मग समोरच्या सलूनवर गेली. मग परत केसांवर.

"नाही ना, भाई?" बालाजी कळवळला.

"टायगर, उगवतील परत!"

धरून नेला. वस्तरा फिरला. डोकं साफ. काटा अजून केसभर वर! मग मिशीही गेली. बालाजीने डोळे मिटून घेतले होते आणि मी त्याचा हात धरून रडत होते. तिसऱ्यांदा काट्यावर चढला.

"सत्तर. घ्या आत," पंच म्हणाले.

तेवढ्यात मैदानाच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि धोतर-टोपीतले एक म्हातारे बाबा उतरले. पोराला शोधत शोधत आले, आणि समोर पोरगा उभा. डोकं भादरलेलं, मिशी उतरवलेली. बाबा जागच्या जागी खिळले. हातातली पिशवी खाली पडली.

"बालाज्या!" ते ओरडले. "आरं मी जिता हाव की रं!"

बालाजी धावत जाऊन पाया पडला. "तसं नाही बाबा, वजन कमी करायलो!"

"डोस्क्यावरनं?"

त्यांना समजावता समजावता मंडळाची दमछाक झाली. पण एकदा शिट्टी वाजली आणि त्यांच्या पोराने पहिल्याच चढाईत काळेवाडीचे दोघे उडवले, तेव्हा बाबा खुर्चीवर उभे राहिले ते शेवटपर्यंत बसलेच नाहीत. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने मागे. बालाजी गेला, कबड्डी कबड्डी कबड्डी, एकाला पायाने शिवला, दुसऱ्याच्या मिठीतून सुटला आणि मधल्या रेषेवर पालथा पडला. जिंकलो! निवड समितीच्या माणसांनी त्याला बाजूला बोलावून नाव-गाव लिहून घेतलं. बाबा त्याच्या गुळगुळीत डोक्याचे मुके घेत होते, आणि मी काकूंच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होते.

संध्याकाळी मंडळाची सभा. मला वाटलं, आता माझी हजेरी घेणार. हे उठले, घसा खाकरला.

"पुढचा सामना रावेतशी आहे. त्यांनीही कोल्हापूरचा एक जबरदस्त गडी निवडलाय. आपल्याला तो जड जाणार. म्हणून मंडळाने एकमताने ठरवलंय, की खिलाडूवृत्ती म्हणून त्या पाहुण्याची आठवडाभर जेवणाची सोय आमच्या घरी करायची. तुमच्या वहिनींच्या हातची!"

टाळ्यांचा कडकडाट! रफीकभाईंनी तर शिट्टी मारली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! माझ्या हातच्या अन्नाची ही किंमत? ताडकन उठले, कमरेला पदर खोचला, सगळ्यांना चार शब्द सुनवायचे म्हणून तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं काय?

"कोल्हापूरचा म्हणजे तांबडा रस्सा लागेल ना हो त्याला? मग मटण आत्ताच सांगून ठेवायला हवं!"