फ्लोअरवरची पावडर

खून-दरोड्यांचे तपास विसरलो, पण उल्हासनगरच्या त्या डान्स स्टुडिओची केस अजून मनातून गेलेली नाही. मी तिथल्या पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो, निवृत्ती जवळ आली होती.

एका संध्याकाळी पन्नाशीच्या एक सिंधी बाई ठाण्यात आल्या. बाजारात जीन्सच्या दुकानावर त्यांचा बॉलरूम डान्सचा स्टुडिओ होता. त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी सरावात घसरून पडली होती आणि घोट्याचं हाड मोडलं होतं. लाकडी फ्लोअरवर कोणीतरी पावडर टाकून ठेवली होती. मुंबईतली मोठी स्पर्धा तोंडावर आली होती.

"साहेब, उसीने किया है," मॅडम म्हणाल्या. "अंबरनाथवाल्याने. माझ्याकडून सगळं शिकला, माझी पोरं पळवली, आता हे."

'अंबरनाथवाला' म्हणजे त्यांचाच जुना शिष्य. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळ त्याने स्वतःचा स्टुडिओ काढला होता. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद होतं. मॅडमचा नियम होता, अंबरनाथची पायरी जो चढेल त्याने परत यायचं नाही. तिकडेही तेच. एकमेकांची पोस्टर फाडल्याच्या तक्रारी आमच्याकडे आधी आल्याच होत्या.

वैद्यकीय दाखला आला, गुन्हा दाखल झाला. हवालदाराने पंचनामा केला, फ्लोअरचे फोटो काढले. कुलूप शाबूत होतं. चावी मॅडमकडे असायची, दुसरी एका जुन्या विद्यार्थिनीकडे. ही बाई बदलापूरच्या कंपनीत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी नवशिक्यांचा वर्ग घ्यायची.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. त्याच इमारतीत शिलाईचं काम करणारा एकजण आमच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, "साहेब, अंबरनाथवाला मास्टर कल दोपहर को आया था. पीछे के जिने से." दुपारी तो स्टुडिओ बंद असतो.

मास्टरला बोलावलं. चाळिशीचा, सडसडीत माणूस. खुर्चीत बसायच्या आधी त्याने विचारलं, "साहेब, तिचा पाय कसा आहे? ऑपरेशन करावं लागणार का?"

"प्रश्न मी विचारणार. काल दुपारी तिथे गेला होतास?"

"गेलो होतो."

"आत कसा गेलास?"

त्याने वाकून बुटाची लेस सोडली आणि पुन्हा बांधली.

"पावडर कोणी टाकली?"

"माझ्या नावावर लिहा, साहेब."

आयुष्यभर चौकशा केल्या. गुन्हेगार आधी नाकारतो, मग गोष्टी रचतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो. हा मात्र आरोप अंगावर घेत होता आणि फक्त आत कसा गेला तेवढं सांगत नव्हता. असा माणूस बहुतेक वेळा कोणाला तरी पाठीशी घालत असतो.

मी फोटो पुन्हा मागवले. मधला भाग ओल्या फडक्याने पुसलेला होता. पावडर राहिली होती आरशाच्या बाजूला, जिथे घाईत हात पोचला नव्हता. कोणाला पाडायचं असेल तर तो पुसत कशाला बसेल? त्या राहिलेल्या पावडरीत पुरुषी बुटाचे ठसे होते, आणि शेजारी बारीक, गोल टाचेचे. लेडीज डान्स शूजचे. मुलगी तर पहिल्याच पावलाला घसरली होती, म्हणजे तिच्याआधी तिथे दोघं नाचली होती.

दुसरी चावी असलेल्या, बदलापूरला नोकरी करणाऱ्या त्या बाईंना निरोप पाठवला. महिला अंमलदारासमोर बसवून मी फक्त फोटो पुढे केला. त्यांना रडू फुटलं.

"पावडर मी टाकली, साहेब. दमट हवेने फ्लोअर चिकट झाला होता, पाय फिरत नव्हता. जिन्यात आवाज आला म्हणून घाईघाईत पुसलं. अंबरनाथच्या सरांचा काहीच दोष नाही."

"पण चोरून कशासाठी?"

"मॅडमकडे जोडीला पुरुष कमी आहेत. जे आहेत ते तरुण मुलींना. मला म्हणाल्या, तू आता शिकव. मला एकदा तरी स्पर्धेत उतरायचं होतं. सरांनी हो म्हटलं. पण त्यांच्या स्टुडिओत कोणी बघितलं असतं, तर मॅडमनी मला काढलं असतं."

मी दोघांनाही मॅडमसमोर बसवलं. मॅडमचा चेहरा लाल झाला. "माझ्याच फ्लोअरवर? माझ्या पाठीमागे?"

मास्टर पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलला. "मॅडम, स्टेप तुमचीच शिकवत होतो. मला दुसरी येत नाही."

मॅडम पर्समधून रुमाल काढून हातात धरून बसल्या.

गुन्हा आता घातपाताचा राहिला नव्हता, निष्काळजीपणाचा होता. कोर्टाच्या परवानगीने तडजोड होऊ शकत होती, पण तो निर्णय जखमी मुलीचा. तिचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो, तेव्हा मॅडम, मास्टर आणि त्या बाई, तिघंही दाराशी उभे होते. मुलीने त्यांना आत बोलावलं. वय एकवीस-बावीस, पाय प्लास्टरमध्ये.

"भांडण तुमचं दोघांचं," ती म्हणाली. "ह्या लपून नाचल्या ते तुमच्या भीतीने. आणि पाय माझा मोडला."

मॅडम पुढे होऊन तिच्या पायाखालची उशी नीट करू लागल्या.

"माझा पार्टनर तयार आहे. तो घरी बसून मला काय मिळणार? ह्यांना उतरवा त्याच्याबरोबर. पण दोघांनी मिळून तयारी करून घ्यायची, एकाच फ्लोअरवर." मग ती बाईंकडे वळली. "माफ केलंय असं समजू नका. ते नंतर बघू."

स्पर्धेत बाईंना नंबर मिळाला नाही. पण पहिल्या फेरीतून त्या पुढे गेल्या, हे मला मॅडमनीच फोन करून सांगितलं. मागून मास्टरचा आवाज येत होता, कुठलं तरी वळण चुकलं म्हणून दोघं वाद घालत होते. तडजोडीच्या अर्जावर त्या मुलीने सही केली, पण पाय बरा होऊन पुन्हा नाचायला लागल्यावरच.

आम्ही पोलीस आधी वैर शोधतो. वैर सापडलं की अर्धा तपास झाला असं वाटतं. ह्या केसमध्ये वैर तर पहिल्याच वाक्यात हातात आलं होतं आणि त्यानेच मला चुकीच्या वाटेला लावलं असतं. एकाच धंद्यातली, शेजारशेजारच्या गावांतली माणसं एकमेकांचं नाव काढत नाहीत, पण त्यांचं एकमेकांवाचून भागतही नाही. त्यानंतर उरलेल्या नोकरीत कोणी समोर बसून "तो माझा दुश्मन आहे" म्हणाला, की कागद पुढे ओढण्याआधी मी विचारायचो, "त्याआधी तो तुमचा कोण होता?"