रात्रीचं पाणी

आमच्या माळावर सोलरच्या प्लेटा उभ्या राहिल्या, तेव्हापासून दुपारचं सगळं मला जरा स्वप्नातल्यासारखं दिसतं. विट्याकडून येताना वळणावरून पाहिलं की माळावर पाणी साठलंय असंच वाटतं. बगळेसुद्धा फसतात, खाली उतरतात आणि खुळ्यासारखे उभे राहतात. मी उंब्रजची, कृष्णाकाठची. लग्न होऊन या कोरड्या भागात आले तेव्हा आईला फोनवर म्हटलं होतं, इथं नदी म्हणून काही नाहीच गं. आता निदान नदीचा भास तरी आहे.

सासरच्या भांडणाचं मूळ मी, असं सगळे धरून चालत. म्हणजे माझं लग्न. मांडवात फेटे बांधताना सासऱ्यांच्या थोरल्या भावाला डावलून आधी कुठल्याशा पुढाऱ्याला फेटा बांधला गेला. थोरले न जेवता उठून गेले, ते गेलेच. मी तेव्हा मुंडावळ्या बांधून आत बसलेली, मला कसला फेटा नि कसलं काय! पण पाहुणेरावळे अजून माझ्याकडे बोट दाखवतात आणि माझं टाळकं फिरतं. गंमत अशी की दोघांची पोरं, माझा नवरा आणि चुलतदीर, लांब तमिळ मुलखात सोनं गाळायचं एकच दुकान चालवतात, एका ताटात जेवतात. इकडे बाप मात्र एकमेकांची सावलीसुद्धा चुकवत.

दोघांत विहीर एक आणि मोटरही एकच. शेतीची वीज काही दिवस दिवसा यायची, काही दिवस रात्री. भाऊबंदांनी बसून पाळ्या लावून द्यायचं ठरवलं, तेव्हा आलटूनपालटून घ्या म्हणाले. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, दिवसाचं त्याला, रात्रीचं मला. का, म्हणून विचारलं तर उठून चालू लागले. त्यावरून आत्यांनी, माझ्या सासूबाईंनी, त्यांना किती वर्षं ऐकवलं असेल! भावापुढं नाक घासलंत, म्हणायच्या. मलाही ते पटायचं. साप, विंचू, थंडी, सगळं आमच्याच वाट्याला का? मामा मात्र बॅटरी घेऊन निघायचे आणि उजाडताना चिखलाच्या पायांनी परत यायचे. कधी कुरकुरले नाहीत.

मग एकदा ग्रामसभेला वीजखात्याचे साहेब आले. लांब तिकडे कोळसा जाळून वीज होते, म्हणाले, धूर सगळ्यांच्या आभाळात जातो, आणि ती वीज रात्री तुमच्या मोटरीला मिळते. आता सरकारचा बेत असा आहे की शेतीच्या मोटरी उन्हावर चालवायच्या, म्हणजे तेवढा कोळसा कमी जळेल. गावाला कोळशाचं फार पडलं नव्हतं. रात्रीचं जागरण सुटणार, एवढ्यावरच माणसं खूश. बायका तर देवाला नारळ बोलल्या.

मामा मात्र खूश नव्हते. घरी येऊन त्यांनी ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवली. आत्यांनी विचारलं, आवं, सुटका झाली तर तोंड कशाला पाडलंय? आता माझं काय काम उरलं, एवढंच ते म्हणाले. आम्हाला वाटलं, म्हातारपण डोक्यात गेलंय.

दिवसाची वीज सुरू झाली आणि नवी पाळी ठरली. सकाळचं पाणी आमचं, दुपारनंतरचं थोरल्यांचं. म्हणजे दुपारी पाणी बदलताना दोघांनाही विहिरीवर यावंच लागे. मामा कॉक फिरवून खाकरायचे. उसाच्या पलीकडून थोरले तसेच खाकरायचे. झाला व्यवहार! मी जेवण घेऊन जायची तेव्हा बघायची, मामा मुद्दाम रेंगाळायचे. चप्पल झटक, टॉवेल पिळ, उगाच विहिरीत वाकून बघ. भावानं एकदा हाक मारावी, याच्यापलीकडे त्या माणसाला काही नको होतं. थोरले पाठ फिरवून बसून राहायचे. मामांचा चेहरा मला बघवायचा नाही आणि थोरल्यांचा असा राग यायचा की काय सांगू.

त्या थंडीत थोरल्यांची बायको लेकाकडे गेली होती, थोरले घरी एकटेच होते. एका दुपारी ऊन असं काही मऊ पडलं होतं की कुणालाही झोप यावी. पाटातून पाणी झुळझुळत होतं, उसाची पानं एकमेकांशी हळू बोलत होती. मीसुद्धा बांधावर बसल्या बसल्या पेंगले. घरी परतले तेव्हा अंगात ती पेंग तशीच होती.

दिवस मावळला तसे मामा अंगणात येरझाऱ्या घालू लागले. समोर थोरल्यांचं घर. तिथला दिवा लागला नव्हता. मी म्हटलं, गेले असतील कुठं, येतील. मामा माझ्याकडे वळले.

"त्याला अंधारात दिसत न्हाई, पोरी. ल्हानपणापासनं. वहिनी सोडली तर कुणाला ठावं न्हाई. मीच हात धरून आणायचो."

आत्या चुलीपुढून उठून दारात आल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं रात्रीचं पाणी का घेतलं, ते आम्हा दोघींना तेव्हा कळलं. आणि दिवसाची वीज आल्यावर मामा का खचले, तेही कळलं. भावासाठी करण्यासारखं तेवढं एकच त्यांच्या हातात उरलं होतं, तेही गेलं होतं.

मामा निघाले, मी बॅटरी घेऊन त्यांच्या मागं. विहिरीजवळच्या जांभळीखाली थोरल्यांना डोळा लागला असणार आणि जाग आली तेव्हा अंधारलं असणार. ते झाडाला धरून उभे होते. मामांनी हाक मारली नाही, जाऊन सरळ हात धरला. थोरले दचकले नाहीत. कुणाचा हात म्हणून विचारलंही नाही.

"आता दिवसाचं पाणी झालं," थोरले म्हणाले. "तुला माझी आठवण कशाला ऱ्हाईल, असं वाटलं हुतं."

मामांनी हात आणखी घट्ट धरला. "चल" म्हणाले.

दोघं बांधावरून हळूहळू चालू लागले, थोरले मामांच्या अर्धं पाऊल मागं. मी मागून उजेड धरला होता. बरंच चालून झाल्यावर थोरले थांबले.

"मागं कोण हाय रं?"

"सून हाय."

"आपली?"

"व्हय, आपलीच."

थोरले उजेडाकडे वळले. मग म्हणाले, "मग मागं कशाला चालतीया? पुढं ये म्हण तिला."

मी पुढं झाले.