कॅप्टनची झोप आणि जळकोटचा ढग

माळावरच्या धावपट्टीवर नोकरी केली की किस्से पायताणाला सराट्यांसारखे चिकटतात. आपण नुसतं चालायचं! लातूर जिल्हा नवानवा झालेला, त्यावर दुष्काळ. ढगांवर मीठ फवारून पाऊस पाडायला एक छोटं विमान आलं. मी तिथला कारकून. कॅप्टनसाहेबांची हजेरी लिहायची आणि त्यांची झोप सांभाळायची, एवढंच काम!

*

शेजारच्या जळकोटचे शिवलिंगअप्पा पहिल्याच दिवशी हजर. आडत दुकान, गळ्यात लिंग, आणि वीस एकर तूर वाळत चाललेली. एक पाऊस पडला तर वाचणार.

दिवसभर आभाळ कोरडं. संध्याकाळी ढग आला आणि साहेबांनी बॅग उचलली. "ड्यूटी संपली."

"दिवसभर खुर्चीतच बसले व्हते की!"

"हजेरी लावली की घड्याळ सुरू, अप्पा. उडा नाहीतर बसा, ठरलेले तास भरले की उड्डाण बंद."

"मंग आमचा सालगडी लिंबाखाली पडून राहतो, त्यो बी पायलटच म्हणा!"

*

दुसऱ्या दिवशी अप्पांनी साहेबांची जीप फाटकावरच अडवली. "ढग आल्याबिगर हजेरी लावायची न्हाई!"

साहेब चार तास छत्री धरून फाटकाबाहेर उभे. मग वही मागवून त्यांनी ते चार तास ड्यूटीतच लिहिले. शेरा : अप्पांच्या हुकुमावरून!

*

मग अप्पा भाच्याला घेऊन आले. भाचा एस.टी.त ड्रायव्हर, हदगाव गाडीवर.

"साहेबाचे तास संपले की ह्याला बसवा. डबल ड्यूटी मारतो, लई तयार गडी हाय."

"विमान चालवलंय का कधी?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई. पर वर रस्ता मोकळाच असतो की!"

*

सगळ्यात वाईट झालं ते सत्काराचं. साहेब सकाळी उडून आले आणि पत्र्याच्या खोलीत झोपले. संध्याकाळी पुन्हा उडायचं होतं. मी जेवायला गेलो तेवढ्यात अप्पा शाल, नारळ आणि हलगीवाले घेऊन दारात! पाहुणा गावात आला आणि सत्कार न्हाई, असं जळकोटात चालत नाही.

साहेबांनी डोळे चोळत शाल घेतली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "विश्रांती मोडली. आता झोपेचे तास पहिल्यापासून, तोवर उड्डाण नाही."

संध्याकाळी म्हशीसारखा काळा ढग जळकोटावर आला. तासभर थांबला. मग हिमायतनगरच्या दिशेनं निघून गेला.

अप्पा तिकडं बघत म्हणाले, "माझ्यापायी गेला हो." मग उपरणं झटकून उठले. "कारकूनसाहेब, आता साहेबाची झोप माझ्याकडं!"

*

दुसऱ्या दिवशी साहेब झोपले आणि माळावर कर्फ्यू लागला. अप्पांनी कुत्री हाकलली, गुरांच्या गळ्यातल्या घंटा सोडवल्या, पाण्याचा टँकर कोसभर अलीकडंच थांबवून बायकांना अनवाणी, मुकाट्यानं घागरी भरायला लावल्या. मला शिंक आली तर माझं तोंड दाबलं!

दुपारी भरून आलं. आणि एकाएकी, विमान जागेवरच उभं असताना, पाऊस कोसळायला लागला! साहेबांच्या खोलीचा पत्रा धडाधड वाजायला लागला.

बघतो तर अप्पा पत्र्यावर! सोबत आठ-दहा गाववाले. नखशिखांत भिजलेले, वाकून पत्र्यावर घोंगड्या अन् पोती अंथरत असलेले.

मी खालून ओरडलो, "अप्पा, पाऊस आला की!"

अप्पांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला ना! साहेब उठले, तर पाऊस कोण पाडणार?"