उंबऱ्याच्या दोन ओट्या

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी डॅन्यूबच्या काठी डबा खात बसलो होतो. रोमानियातल्या ओर्शोवा गावात, जहाजं बांधायच्या कारखान्यात मी वेल्डर आहे. फोनवर आई होती. म्हणाली, "ताई गेली रं... पानी उतरायची वाट बघत व्हती." समोर नदी काठोकाठ, नेहमीसारखीच. मला त्या पाण्याचा इतका राग आला म्हणून सांगू!

मावशी कळंबला दिलेली, पण माहेर जुनं आंबेगाव. ते डिंभे धरणात गेलं तेव्हा ती नवी नवरी होती आणि आई परकरातली पोर. मे महिन्यात पाणी खाली गेलं की माहेरच्या घराचं जोतं उघडं पडतं. मावशी नवी साडी नेसून, गाळ तुडवत तिथं जायची आणि उंबऱ्याच्या दगडाची खणा-नारळाने ओटी भरायची. "माहेरवाशिणीची ओटी भराया कुनी ऱ्हायलं न्हाई, मग मीच माहेराची भरते. बिघडलं कुठं?" आईला ती दर वर्षी बोलवायची. आई दर वर्षी काहीतरी काम काढायची. "पान्यात गेलं ते गेलं," एवढंच म्हणायची.

मी ओर्शोवाला गेलो आणि मावशीला नवाच नाद लागला. व्हिडिओ कॉलवर मी तिला नदी दाखवायची, डोंगर दाखवायचे. पलीकडचा काठ सर्बियाचा म्हटल्यावर, "म्हंजी नदी वलांडली की परदेस? अगं बया!" रोमन लोकांनी इथं कड्यात रस्ता खोदला, पुढे तुर्क आणि ऑस्ट्रियावाले या मुलखासाठी भांडत राहिले, हे सगळं ती भाकरी थापता थापता ऐकायची. डॅन्यूबवरच्या धरणाचं सांगितलं तेव्हा मात्र तिचे हात थांबले. जुनं ओर्शोवा पाण्याखाली गेलं... जवळचं एक बेटही गेलं, त्यावरची तुर्कांची वस्ती, मशीद, अंजिराची झाडं. लोकांसाठी वर उतारावर नवं गाव वसवलं. "मंग उन्हाळ्यात जात्यात का बघाया?" मी म्हटलं, मावशी, इथलं पाणी उतरत नाही, ते गाव परत दिसतच नाही. तिला पटेना. "हॅट्! धरान हाये ना? मग उतरंलच की." तेव्हापासून दर मे महिन्यात फोन, "उतरलं का रं पानी?" नाही म्हटलं की चिडायची, जसं काही पाणी मीच अडवून धरलंय. शेवटी एका वर्षी उंबऱ्यावर दोन ओट्या भरून आली. "तुझ्या त्या बुडल्या गावच्या बायांनी जायचं कुठं रं? त्यांची बी हितंच भरली."

यंदा पाणी उशिरा उतरलं. मी सुट्टीवर आलो त्याच आठवड्यात मावशीच्या यजमानांचा निरोप आला, जोतं दिसतंय. सकाळी बघतो तर आई नव्या साडीत दारात उभी, पिशवीत दोन खण, दोन नारळ. दोघं जोत्याकडे निघालो. गाळात तिचा पाय रुतला, हात दिला तर झिडकारला. उंबऱ्याचा दगड पदराने पुसून तिने पहिली ओटी भरली. दुसरी हातात धरून म्हणाली, "तुझ्या त्या गावचं पानी अजून तसंच?"

"तसंच."

तिने तीही भरली. मग जोत्यावर एका कडेला सरकून बसली, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. "आले बघ गं ताई," म्हणाली, आणि इतक्या वर्षांचं एकदम रडली.