चावट काकी

सानगडीत काकीला कुणी तोंडावर ‘चावट’ म्हटलं की ती खूश होऊन दोन शब्द जास्तच बोलायची. चावट म्हणजे अश्लील नव्हे. अश्लील बोलणारीला आमच्या बाया धानाच्या बांधीतून हाकलून देत; चावट बोलणारीच्या शेजारी धान रोवायला मिळावं म्हणून भांडत.

पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, दुपारनंतर कमरा धरायच्या, रांग रेंगाळायची. एखादी नवी नवरी कण्हली की काकी म्हणे, “कंबर दुखते रातच्यानं, अन् नाव धानाचं घेऊन राहिली वो!” सगळी रांग खिदळत पुढे सरकायची. नवरीही हसायची. जिला हसू येणार नाही तिच्यावर काकी कधीच बोलली नाही.

काकी विधवा. एकुलती मुलगी शांता, माझी मैत्रीण. तिला साकोलीकडचं चांगलं स्थळ आलं. मुलाचा बाप आमच्या बाजारात चौकशीला आला, तेव्हा लोकांनी अगदी कौतुकानं सांगितलं, “पोरीची माय? लय चावट बाई हाये! तिच्याबिगर रोवणा होत नाही.” गुण सांगितला असंच वाटलं बिचाऱ्यांना. पाहुणा चहाही न घेता उठला.

काकी हबकली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन तिनं विहिणीचे पाय धरले. “मी तोंड नाही उघडत. पण माह्या पोरीले पदरात घ्या.” लग्न ठरलं. त्या वर्षी तिनं मुक्यानं रोवणा केला. लग्नात व्याह्यांना चावट गाणी म्हणायची आमची रीत. बाया गात होत्या आणि काकी तोंडात पदर कोंबून बसली होती. मला शांताच्या सासरच्यांचा भयंकर राग आला.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला शांता माहेरी आली. मी भेटायला गेले तर ती नुसती ताटाकडे बघत होती. काकीनं एकेक ठेवणीतला किस्सा काढला. हसून हसून माझं पोट दुखलं. शांता ओठ दाबून बसली होती, डोळे भरलेले. काकी रडकुंडीला आली.

“हास ना वो, माहे बाई. एकडाव हास.”

“हासाले मना हाये, माय. हासली का सासू म्हणते, मायवर गेली.”

काकी उठली. तिनं दार लावलं, कडी घातली आणि शांताजवळ येऊन बसली.

“आता कोणी आयकत नाही, पोरी.”

शांतानं खरंच प्रयत्न केला. तिला हसता आलं नाही.