दुसऱ्याच्या चुलीवरचा भात

ते गेले त्या दिवसाचं मला रडणं आठवत नाही. भूक आठवते. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून ठेवते.

खिदिरपूरला आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो. हे गोदीत कस्टमच्या कचेरीत होते. ताप आला, तो उतरलाच नाही. सकाळी त्यांना नेलं. मराठी माणसं दोनच मिळाली, बाकीचे खांदे कचेरीतल्या बंगाली मंडळींचे. परत आल्यावर सगळ्यांनी दारात कडुनिंबाचं पान चावलं. आपल्यातही चावतात, त्यांच्यातही. तेवढं जुळलं.

जाताना त्या दोघांतले एक सासूबाईंना म्हणाले, "आई, चूल पेटवू नका. आमच्या घरून कडू घास येईल." त्यांचं घर पार सियालदहच्या पलीकडे. त्या दिवशी ट्रामचा संप होता आणि त्यांची बायको डबा घेऊन अर्ध्या वाटेवरून परत गेली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

सासूबाई दिव्यापाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आदल्या दिवसापासून त्यांच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं. माझी मुलगी चार वर्षांची. घरातले होते नव्हते ते मुरमुरे तिने सकाळीच संपवले होते. माझ्या हातांतल्या बांगड्या उतरवल्या होत्या. हात हलके वाटत होते, सारखे वर जात होते. दुसरं काही वाटत नव्हतं.

दुपारी दाराशी कोणीतरी काही ठेवून गेलं. पाहिलं तर कोरं मातीचं मडकं, तांदूळ, वाटीत तूप, दोन कच्ची केळी. खालच्या मजल्यावरच्या बंगाली बाईंनी ठेवलं होतं.

सासूबाईंनी मान वर करून पाहिलं. "हा काय, शिधा?"

मी ते सगळं उंबऱ्याच्या आत घेतलं.

"दारात गोसावी आला की शिधा घालतात. माझा मुलगा गेला तर मला शिधा! उचल ते, कोपऱ्यात ठेव."

मुलगी म्हणाली, "आई, भात कर ना."

"आज नाही गं बाळा," सासूबाई तिला म्हणाल्या. "आज आपल्या घरातून धूर निघता कामा नये. कोणीतरी आणून देईल हं."

कोणी आलं नाही. मुलगी रडली, मग रडायची थांबली आणि जमिनीवर आडवी झाली. सासूबाईंना उठायला गेल्यावर भोवळ आली, त्या भिंत धरून परत खाली बसल्या. मी म्हटलं, "थोडा भात टाकू का?" त्या म्हणाल्या, "तुला पेटवायची तर पेटव. मी खाणार नाही."

त्यांनी खरंच खाल्लं नसतं. आता त्याही जातील, असं माझ्या मनात आलं. घाबरले नाही, नुसतं तसं मनात आलं. मी उठले.

तीन वर्षं त्या घरात राहून मी खालच्या बाईंशी धड दोन वाक्यं बोलले नव्हते. मला बंगाली समजायचं, पण तोंड उघडायची लाज वाटायची. विटाळ होऊ नये म्हणून मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच उभी राहिले. बाई अंगणातच होत्या. मला पाहून लगबगीने आल्या.

"दिदी, मडकं फुटलं का? मी मघापासून तुमच्या खिडकीकडे बघतेय. धूर कसा नाही? अजून रांधलं नाही?"

"आमच्यात रांधत नाहीत," मी म्हटलं.

"घरातल्यांनीच रांधायचं असतं ना? आमच्यात सुतकात घरचे आपलं आपणच रांधून खातात. शिजवलेलं बाहेरून कसं द्यायचं? पाप लागेल."

"आमच्यात शेजारी देतात."

आम्ही वर धूर निघू नये म्हणून बसलो होतो आणि या खाली धुराची वाट पाहत होत्या. त्यांचा चेहरा उतरला. हातातल्या शंखाच्या बांगड्या, त्यांच्यातलं सवाष्णीचं लेणं, त्यांनी पदराखाली घेतल्या. त्यांना नवरा होता, मुलं होती. मेलेल्याच्या घरी आपल्या चुलीवरचा भात पाठवायचा म्हणजे त्यांना केवढी भीती वाटली असेल! मला राग आला नाही. मी वळले.

"थांब गो मा." आतून त्यांच्या नवऱ्याची आत्या आली. तिला सगळे पिशीमा म्हणत. पांढरं पातळ, कापलेले केस. ती लहानपणीच विधवा झालेली. तिची चूल वेगळी होती, मासळी नाही, कांदा नाही, एकवेळचं जेवण. ते ती जेवून चुकली होती.

बाई म्हणाल्या, "पिशीमा, तुम्ही कशाला?"

"सर बाजूला बउमा," ती सुनेला म्हणाली. "माझं काय व्हायचं राहिलंय आता?"

तिने विझवलेली चूल पुन्हा पेटवली.

भात आणि मुगाची डाळ घेऊन ती स्वतः जिना चढून आली. सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मासळीच्या घरचं मी..." मग त्यांनी तिच्या पांढऱ्या पातळाकडे पाहिलं, बोडक्या कपाळाकडे पाहिलं. ताट ओढून घेतलं.

पिशीमाला मराठी येत नव्हतं, सासूबाईंना बंगाली नाही. ती उंबऱ्याबाहेर बसून राहिली. "खा गो दिदी, खा." सासूबाई खात होत्या. मध्येच म्हणाल्या, "भात गिचका झालाय." आणि आणखी घेतला. मुलीला मी भरवलं. मग मी जेवले. डाळीत हळद नव्हती. मी दोनदा भात घेतला, तिसऱ्यांदा घेताना सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, तरी घेतला.

उठताना पिशीमाचं लक्ष कोपऱ्यातल्या कोऱ्या मडक्याकडे गेलं. ती मला म्हणाली, "ते परत देऊ नकोस. ठेव. आता वेगळी चूल मांडशील, तेव्हा तुला लागेल."

मी म्हटलं, "आमच्यात तसं नसतं."

ती माझ्या हातांकडे पाहत होती. "बरं," म्हणाली, आणि रिकामं पातेलं उचलून सावकाश जिना उतरून गेली.

मडकं मी परत दिलं नाही. वापरलंही नाही.