साहेबांच्या जीपमध्ये नर्सबाई

सौंसरच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. तिथल्या नर्सबाई डॉक्टरसाहेबांपासून दारातल्या बकरीपर्यंत सगळ्यांना एकाच सुरात झापायच्या. बकरी तेवढी ऐकायची नाही.

एका सकाळी बोरगावची एक मजूर बाई आली. तिच्यावर बलात्कार झाला होता. तपासायला लेडी डॉक्टर नव्हती.

"उद्या बसनं छिंदवाड्याला पाठवू," साहेब म्हणाले.

"उद्यापर्यंत पुरावा राहीन का? तुमच्या घरच्या बाईचा दात दुखला तं लगेच जीप निघते!" असं म्हणून नर्सबाई तिला घेऊन साहेबांच्या जीपमध्ये जाऊन बसल्या. मलाही मागे बसवलं. "आता मी काही उतरून नाही राहिली."

जीप निघाली. दुपारी तपासणी झाली. सकाळपासून गप्प असलेली ती बाई परतताना हळूच म्हणाली, "बाई, मले भूक लागली."